शहरं पाणी धुऊन पुन्हा वापरतात. आपल्या गावच्या नालीचं काय?

आंभोऱ्याकडचा

नमस्कार मंडळी.

आमचं गाव कुही तालुक्यात, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. वस्ती अठराशेच्या आसपास. माझी आजी कन्हानचं पाणी ओंजळीनं प्यायची. रेतीत हातभर झिरा उकरला की आरशासारखं पाणी लागायचं, असं ती सांगायची. आता त्याच काठावर म्हैस उतरवायची तरी आम्ही विचार करतो. नागपूरच्या पोटातून शहराचं सांडपाणी घेऊन निघालेली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. धरण झाल्यापासून ते पाणी पुढं वाहत नाही, आमच्या दारात उभं राहते.

गेले दोन महिने मी शहरांच्या पाण्याबद्दल वाचतो आहे. सिंगापूर २००३ पासून सांडपाणी गाळून, आरओतून काढून, अतिनील किरणांखालून नेऊन पुन्हा वापरते. नामिबियाचं विंडहुक तर १९६८ पासून तेच पाणी पिण्याच्या पुरवठ्यात घालते. लांब कशाला, आपल्या नागपूरचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जाते. रोज १३ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प त्यासाठी उभा केला, नंतर २० कोटी लिटरचा आणखी एक झाला.

हे वाचता वाचता एक गोष्ट मनाला लागली. आम्ही चौकात बसून नागपूरला शिव्या देतो, पण आमच्या गावच्या तिन्ही नाल्या त्याच फुगवट्यात उतरतात. आमची घाण थोडी आहे एवढाच फरक.

माझं म्हणणं असं की पाणी जिथं घाण होते तिथंच, दुसऱ्या घाणीत मिसळायच्या आत निवळलं पाहिजे. एकदा न्हाणीचं, संडासाचं आणि गोठ्याचं पाणी एक झालं की मग शहरासारखे कोट्यवधी रुपये लागतात. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मला हा विषय मांडायचा आहे. शहरातल्या कोणत्या युक्त्या गावात उतरतात आणि कोणत्या नाही? ज्यांनी स्वतः काही केलं असेल त्यांनी फसलेलंही लिहा.

मौद्याचा कास्तकार

भाऊ, मुद्दा बरोबर आहे. एक भर घालतो. पेंचचं धरण झालं तेव्हा पाणी आमच्या धानाला मिळणार होतं. शहर वाढलं, शहराचा वाटा वाढला, आम्ही टेलवाले, म्हणजे कालव्याच्या शेवटी असलेले, कालव्याकडं पाहत राहिलो. त्यामुळं कोराडीला सांडपाणी गेलं याचा मला आनंद आहे, कारण तेवढं पेंचचं पाणी वाचलं. पण वाचलेलं पाणी गेलं कुठं, हे कोणी आम्हाला सांगितलं नाही. शहरानं एक लिटर पुन्हा वापरलं तर एक लिटर खाली सोडलं पाहिजे. ते सोडलं नाही तर त्या पाण्याचा आम्हाला काय उपयोग?

भावी सरपंच

आंभोरेकर, तुम्ही ग्रामसभेत विंडहुक म्हणा, अर्धी सभा तुम्हाला परदेशी कंपनीचा माणूस समजून हार घालेल. 😄 बाकी विषय लाखमोलाचा. वाचतो आहे.

गिट्टी-मुरूम

मी वर्धा जिल्ह्यात छोटी बांधकामं घेतो. ग्रामपंचायतींचे शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणारे खड्डे, केले आहेत. फसलेलंही लिहा म्हणालात म्हणून आधी तेच लिहितो.

एका गावात आम्ही चाळीस शोषखड्डे केले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं शोषखड्डे करून नाल्या बंद केल्या, डास कमी केले, ते पाहून गावाला उत्साह आला होता. पहिला पावसाळा गेला आणि चाळीसपैकी निम्म्याहून जास्त खड्डे तोंडापर्यंत भरून उभे. कारण साधं होतं. गाव अर्धं मुरमावर, अर्धं काळ्या कापसाच्या मातीवर. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी धरून ठेवते. तिच्यात शोषखड्डा म्हणजे हौद. मुरमावरचे खड्डे आजही चालू आहेत.

म्हणून आधी चाचणी करा. हातभर रुंद, हातभर खोल खड्डा खणा, दोनदा पाण्यानं भरून जिरू द्या, तिसऱ्यांदा भरा आणि काडी लावून दर अर्ध्या तासाला पातळी पाहा. दिवसभरात जेमतेम बोटभर उतरलं तर त्या जागी शोषखड्ड्याचा नाद सोडा. विहीर किंवा बोअर पंधरा मीटरच्या आत असेल तरीही नको. आणि खड्ड्याच्या आधी मडकं किंवा छोटी टाकी पाहिजेच. राख, केस, साबणाचा साका तिथं बसतो. तो खड्ड्यात गेला की मुरूमही बुजतो.

काळ्या मातीच्या वस्तीला गिट्टीचा वाफा करा. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनं विकसित केलेलं फायटोरिड त्याच जातीचं आहे. खाली पक्का तळ, वर गिट्टी, गिट्टीत कर्दळ किंवा पाणकणीस, आणि पाणी गिट्टीच्या वर न येता पोटातून सरकत जाते. वर पाणी दिसत नाही, त्यामुळं डास नाहीत.

एका वॉर्डाचा हिशेब करतो. माणसं ३००. सरकारच्या जलजीवन योजनेचे माणशी ५५ लिटर, त्यातलं ८० टक्के नालीत येतं असं धरा. झाले १३,२०० लिटर, म्हणजे साधारण १३ घनमीटर. पाण्याला वाफ्यात तीन दिवस मुक्काम द्यायचा तर ४० घनमीटर पाणी मावलं पाहिजे. गिट्टीत पोकळी चाळीस टक्के असते, म्हणून वाफा १०० घनमीटरचा. खोली दोन फूट ठेवली तर १६५-१७० चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन गुंठे. पंचायतीकडं एवढी जागा निघते. उतार असेल तर मोटर लागत नाही, वीजबिल शून्य.

कर्दळ

गिट्टी-मुरूम भाऊ, तुमचा हिशेब मी वहीत उतरवून घेतला.

माझं एका घरापुरतं काम आहे, पण सहा वर्षं चालू आहे म्हणून लिहिते. आमचं घर कवेलूचं, मागं वाडी. लग्न होऊन आले तेव्हा न्हाणीचं पाणी भिंतीला लागून साचायचं. तिथं नुसती बेशरम माजलेली आणि संध्याकाळी मच्छर. सासरे म्हणायचे, पाणी काढायला जागा नाही. मी फुटलेला रांजण जमिनीत अर्धा गाडला, त्यात नारळाच्या शेंड्या आणि विटांचे तुकडे भरले. पुढं सहा हात लांब चर खणला, जुन्या ताडपत्रीनं मढवला, मोठी गिट्टी खाली, बारीक वर, आणि कर्दळ लावली. चराच्या शेवटी अळू आणि दोन केळी.

पहिल्या वर्षी चुकलं ते सांगते. भांड्याची राख आणि तेलकट पाणी सरळ सोडलं, चार महिन्यांत चर तुंबला. सगळी गिट्टी काढून धुवावी लागली. आता भांडी आधी पुसून घेते, शेंड्या पंधरा दिवसांनी बदलते. केळी बाराही महिने हिरवी असते. शेजारच्या तीन घरांनी केलं, त्यातलं एक तुंबून बंद पडलं, कारण शेंड्या बदलायचं काम कोणाचं यावर सासू-सुनेचं ठरलं नाही. माझ्या मते गावातही नेमकं इथंच अडेल. गिट्टी सगळे टाकतात, साका कोण काढणार हे कोणी लिहून ठेवत नाही.

आंभोऱ्याकडचा

कर्दळताई, तुमचं शेवटचं वाक्य मी ग्रामसभेत तसंच वाचून दाखवणार आहे, परवानगी द्या.

कर्दळ

दिली की. फक्त सासू-सुनेचं वाचू नका, गाव लहान आहे. 😊

पुण्यातला वऱ्हाडी

मूळ दर्यापूरचा, सध्या पुण्यात. आमच्या सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र, आहे. कागदावर रोज फ्लॅटांचं सांडपाणी शुद्ध होऊन फ्लशला आणि बागेला जातं. प्रत्यक्षात पहिली तीन वर्षं मशीन रात्री बंद ठेवायचे, वीज वाचावी म्हणून. त्या टाकीतले जिवाणू हवेवर जगतात. ब्लोअर, म्हणजे हवा सोडणारं यंत्र, बंद झालं की ते मरतात, सकाळी पाणी काळं आणि वास. लोकांनी फ्लशची ती लाइनच बंद करून घेतली. मग आम्ही चार जणांनी जबाबदारी घेतली, ब्लोअर चोवीस तास ठेवला, पाणी दर आठवड्याला तपासायला लागलो. दोन महिन्यांत वास गेला. यंत्र तेच, फक्त त्याच्याकडं लक्ष द्यायला माणसं मिळाली.

म्हणून गावात ब्लोअरवाला प्रकल्प आणूच नका. जिथं दिवसातून आठ तास लोडशेडिंग होते तिथं जिवाणूंनी जगायचं कसं? गिट्टीचा वाफा हळू काम करतो, पण वीज गेली म्हणून मरत नाही.

जलसुरक्षक

मी एका ग्रामपंचायतीत पाण्याचं पाहतो. सगळे नालीवर बोलून राहिले, मले पिण्याच्या पाण्यावर बोलायचं हाय. कारण नाली आणि नळ या दोन वेगळ्या गोष्टी नाईत.

आमच्या गावात पाइपलाइन नालीतून जाते. एक वेळ पाणी सोडतो, बाकी वेळ पाइप रिकामा. रिकामा पाइप ओढ घेते. जिथं जोड ढिला हाय तिथून नालीचं पाणी आत. मंग पावसाळ्यात हगवण लागली की टीसीएल, म्हंजे ब्लीचिंग पावडर, टाकलं नाही म्हणून मले बोलतेत. मी टाकतो बाप्पा! हजार लिटरले पाच ग्रॅम, ५० हजारांच्या टाकीले पाव किलो. बकेटीत कालवतो, चुना खाली बसू देतो, वरचं नितळ पाणी टाकीत टाकतो आणि अर्धा तास थांबून मंगच वॉल खोलतो. टाकीखालच्या नळाले ओटी, म्हंजे क्लोरीनची चाचणी, पिवळी येते. गावाच्या शेवटच्या घराले येत नाई. म्हंजे मधातच क्लोरीन घाणीनं खाऊन टाकलं.

म्हणून आंभोरेकर भाऊ, ग्रामसभेत नाली आणि पाइप एकाच वेळी मांडा. नाली वाफ्याकडं वळवाल तेव्हाच पाइप नालीतून वर काढून घ्या. एकदाच खोदकाम, एकदाच खर्च. हे माझं जीव तोडून सांगणं हाय.

गिट्टी-मुरूम

जलसुरक्षक दादा, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बरोबर आहे. नालीचा उतार बदलताना पाइप उघडा पडतोच.

झरीची आशाताई

यवतमाळ जिल्ह्यातून लिहिते. आमच्याकडं बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. मुलांचे दात पिवळे-तपकिरी पट्ट्यांचे, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यात वाक. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत, असं मानक आहे. लोक विचारतात, ताई, पाणी उकळून प्यावं का? मी सांगून सांगून थकले की उकळल्यानं जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की ते दाट होतं.

आरओचे जार आले, लोकांना बरं वाटलं. पण एक विचार करा. घरचं आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, आणि बाहेर टाकलेल्या पाण्यात फ्लोराइड आणि क्षार आणखी दाट असतात. एका ठिकाणी ते पाणी विहिरीच्या बाजूच्याच खड्ड्यात सोडलेलं मी पाहिलं. म्हणजे तीच घाण पुन्हा बोअरमध्ये. मी आरओच्या विरोधात नाही, आमच्याकडं ते लागतं. पण फेकलेलं पाणी कुठं जातं हे विचारल्याशिवाय मशीन बसवू देऊ नका. ते भांडी धुवायला, फरशीला वापरता येतं. काळ्या मातीच्या झाडांना नको, माती खारटते.

फ्लोराइड काढायला नीरीनं काढलेली नालगोंडा पद्धत साधी आहे, तुरटी आणि चुना घालून ढवळायचं, साका बसू द्यायचा. पण प्रमाण पाण्यागणिक बदलतं, आणि साका उकिरड्यावर टाकायचा नसतो. इथंही तेच, कोणीतरी रोज नीट करणारं पाहिजे.

खारपाणपट्टा

आशाताई, तुमच्याकडं फ्लोराइड, आमच्याकडं मीठ. तेल्हाऱ्याकडची मी. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याची गावंच्या गावं खाऱ्या पाण्यावर. विहीर खणली तर त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही.

आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी टिनाच्या छपराचं पाणी धरायला लागलो. छप्पर ५० चौरस मीटर. पाऊस ७५० मिलिमीटर धरला आणि वाया जाणारं सोडून ८० टक्के हाती आलं तरी ३० हजार लिटर होतात. घरात पाच जण, पिण्या-स्वयंपाकाला माणशी आठ लिटर, दिवसाला ४० लिटर. पाऊस नसलेले आठ महिने म्हणजे ९,६००. दहा हजाराची टाकी पुरते! वाफा, एसटीपी काही नको, आभाळातून आलेलं पाणी जमिनीला लागायच्या आत धरायचं. पहिल्या दोन-तीन पावसांचं सोडून द्यायचं, कारण छपरावर धूळ आणि पाखरांची घाण असते. टाकीला उजेड लागू द्यायचा नाही, झाकण आणि जाळी घट्ट. पिण्याआधी क्लोरीनचे थेंब किंवा उकळून घ्यायचं.

मूळ मुद्द्यावर म्हणाल तर मिसळायच्या आत धरा हे तुमचं वाक्य पावसालाही लागू पडतं.

भावी सरपंच

खारपाणताई, म्हणजे तुमच्याकडं आता वरण शिजतं ना? मग जेवायला कधी येऊ? आणि गंभीरपणे विचारतो, टाकी प्लास्टिकची की सिमेंटची? खर्च?

खारपाणपट्टा

या की, पावसाच्या पाण्यातलं तुरीचं वरण खाऊन जा, विहिरीच्या पाण्यातलं विसरून जाल. टाकी आम्ही फेरोसिमेंटची केली, कोंबड्याची जाळी आणि सिमेंटचा गिलावा. गवंड्याला आधी पटत नव्हतं. खर्च गावागणिक बदलतो म्हणून आकडा लिहीत नाही, पण जारवाल्याला जाणारे महिन्याचे पैसे मोजा आणि टाकी किती वर्षांत फिटते ते काढा. आमची लवकर फिटली.

गुरुजी, गोंदिया

चांगला धागा. थोडं विषयांतर करतो, म्हाताऱ्याला तेवढी मोकळीक द्या.

लहानपणी आमच्या घरी पावसाळ्यात बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, गढूळ पाणी यायचं. माय निवळीचं बी माठाच्या आतल्या बाजूला घासायची. तासाभरात गाळ तळाशी आणि वर नितळ पाणी. निवळीचं झाड आमच्या जंगलात होतं, आता दाखवायलाही पटकन सापडत नाही. शेवग्याच्या बियांची पूडही तसंच काम करते. दोन्हींनी गाळ बसतो, जंतू मात्र सगळे जात नाहीत, हे नातवंडांना सांगावं लागतं.

आता कामाचं. आमच्या झाडीपट्टीत मालगुजारी तलाव आणि बोड्यांची साखळी होती. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या बोडीत, तिथून धानात. पाणी उतरता उतरता गाळ टाकत जायचं, काठाच्या वनस्पतीतून गाळून निघायचं. कोलकात्याच्या पूर्वेला याचंच मोठं रूप आहे. साडेबारा हजार हेक्टरांची पाणथळ जागा, शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत उन्हानं आणि शेवाळानं निवळतं, त्यावर मासे आणि भाजी पिकते. २००२ मध्ये तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. शहराच्या सांडपाण्याला तळ्याची वाट आपल्याकडं माहीत होती, तिच्यावर आपण ले-आउट पाडले.

मौद्याचा कास्तकार

गुरुजी, आदर ठेवून असहमत. सांडपाण्यावरचे मासे आणि भाजी याला माझा विरोध आहे. घरगुती पाणी असेल तर एक वेळ ठीक, पण शहराच्या नाल्यात कारखान्याचं, गॅरेजचं, दवाखान्याचं सगळं येतं. जड धातू ऊन आणि शेवाळानं जात नाहीत. बंगळुरूचं सांडपाणी २०१८ पासून कोलारच्या तलावांत सोडतात, फक्त दुसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून. विहिरींना पाणी आलं म्हणून काही शेतकरी खूश, काही जण पाण्याच्या दर्जावरून कोर्टात गेले. उद्या नागपूर म्हणालं की आमचं शुद्ध केलेलं पाणी तुमच्या तलावात सोडतो, तर आपण हो म्हणायचं का?

गुरुजी, गोंदिया

भाऊ, तुमची शंका रास्त आहे. मी कारखान्याचं पाणी धरलंच नव्हतं, चूक माझी. ते वेगळं काढल्याशिवाय तळ्याला हात लावू नये.

पुण्यातला वऱ्हाडी

कास्तकार भाऊ, माझं उत्तर: हो म्हणायचं, पण अटीवर. तपासणीचा कागद दर महिन्याला गावाच्या फळ्यावर लागला पाहिजे, आणि नमुना गावानं भरायचा, शहरानं नाही. नाही म्हटलं तर ते पाणी यायचं थांबत नाही. आंभोरेकरांना कोणी विचारून सोडलं का?

आंभोऱ्याकडचा

नाही विचारलं. नाग नदीच्या पुनरुज्जीवनाचा प्रकल्प मंजूर आहे, तो मनापासून व्हावा असं वाटते. पण तोवर आमची नाली आम्ही थांबवली तर उद्या पालिकेच्या दारात जाताना मान वर राहील. गाडगेबाबा आपल्याच विदर्भातले, दुसऱ्याचं गाव झाडायचे. आम्ही आमचं तर झाडू.

एक अडचण आली आहे. काल मी आणि दोन पोट्टे तिन्ही नाल्यांच्या काठानं चाललो, घर घर मोजत. अकरा घरांच्या सेप्टिक टाकीचा पाइप सरळ नालीत आहे. म्हणजे आमचं पाणी नुसतं न्हाणीचं उरलंच नाही. गिट्टी-मुरूम भाऊ, वाफा चालेल का?

गिट्टी-मुरूम

चालवू नका. वाफ्याला मैला दिला की तो तुंबतो, आणि बाहेरच्या पाण्यात रोगजंतू येतात. मग ते पाणी केळीलाही देताना भीती. आधी ती अकरा घरं बाजूला काढा. जागा आणि माती बरी असेल तर दोन खड्ड्यांचा संडास, एक भरला की दुसरा चालू करायचा, भरलेला दीड-दोन वर्षं झाकून ठेवला की खत होतं. काळी माती असेल किंवा विहीर जवळ असेल तर चार-पाच घरांची मिळून एक बंदिस्त टाकी आणि तिचा स्वतंत्र छोटा वाफा. खड्डा करायचा ठरलाच तर मातीची चाचणी विसरू नका.

झरीची आशाताई

आणि त्या अकरा घरांच्या आसपासच्या विहिरींचं पाणी नायट्रेटसाठी तपासा. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. जलजीवनमध्ये गावातल्या पाच बायांना तपासणीच्या किटचं प्रशिक्षण दिलेलं असतं, त्यांना शोधा. आमच्याकडं किट कपाटात होतं आणि चावी दुसऱ्याच माणसाकडं. लहान बाळ असलेल्या घरी हे आधी करा, नायट्रेटचा त्रास बाळाला सगळ्यांत आधी होतो.

जलसुरक्षक

अकरा घरंवाल्याईले ग्रामसभेत नाव घेऊन बोलू नका भाऊ. आधी घरी जा, चहा प्या, मंग सांगा. सभेत नाव घेतलं की तो माणूस जन्मभर वाफ्याचा दुश्मन होते. अनुभव हाय.

आणि पैशाचं म्हणत असाल तर स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाले सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरले होते. अठराशेचे पाच लाख चार हजार. आता काय चालू हाय, काय शिल्लक हाय ते पंचायत समितीत ग्रामसेवकाले घेऊन विचारा. एकटे जाऊ नका.

आंभोऱ्याकडचा

मंडळी, ग्रामसभा झाली. रात्री अकरा वाजता लिहितो आहे, झोप येत नाही.

जलसुरक्षक दादांचं ऐकलं. आधीच्या चार संध्याकाळी अकरापैकी नऊ घरी जाऊन आलो. सहा जण तयार, तीन जण बघू म्हणाले, दोन घरी गेलोच नाही, धीर झाला नाही. सभेत मी बंगळुरू-विंडहुक काही बोललो नाही. बकेटीत नालीचं पाणी आणि दुसऱ्या बकेटीत शाळेच्या नळाखालच्या छोट्या गिट्टीतून काढलेलं पाणी, एवढंच समोर ठेवलं. शाळेतल्या पोरांनी आठवडाभर खपून केलं होतं ते.

विरोध झाला. एक जण म्हणाला, रस्ता आधी. त्याचंही खोटं नाही, पावसाळ्यात तिकडं चिखल गुडघ्याएवढा असतो. मग एक म्हातारी उठली, सभेत कधी न बोललेली. तिनं एवढंच विचारलं, "हे पाणी माह्या वांग्याले देता येईन काय?" मी सांगितलं, आधी तपासू, मग मुळाशी सोडू, पानावर आणि फळावर नाही. ती म्हणाली, मग माझ्या घरामागची जागा घ्या. पंचायतीच्या जागेला लागूनच आहे ती, उतारही तिकडंच.

ठराव झाला. एक वॉर्ड, ३०० माणसं, एक वाफा. पाइप त्याच खोदकामात वर काढायचा. कर्दळताईंच्या म्हणण्याप्रमाणे साका काढणाऱ्याचं काम ठरावातच लिहिलं, आळीपाळीनं चार घरं, आणि पंचायतीकडून त्याचं मानधन. मानधनाच्या आकड्यावर अर्धा तास गेला, अजून ठरलेला नाही. त्या दोन घरी उद्या जातो.

कर्दळ

वाचताना डोळ्यांत पाणी आलं. त्या आजीला माझा नमस्कार सांगा. कर्दळीचे कंद कुठून आणणार? माझ्याकडं भरपूर आहेत. चौरस मीटरला चार लावले तर १७० मीटरला सातशेक लागतील. सगळे नाही, पण दीड-दोनशे मी देते, बाकी दुसऱ्या वर्षी त्यातलेच फुटतील.

जलसुरक्षक

पाणी सोडाल त्या दिवशी आत येणाऱ्याची एक बाटली आणि बाहेर पडणाऱ्याची एक बाटली भरून तपासायले द्या. मंग दर महिन्याले, त्याच दोन जागी. पहिले दोन-तीन महिने फरक कमी दिसन, मुळं धरू द्या.

आंभोऱ्याकडचा

ताई, कंद हवेच. कसे पाठवाल?

कर्दळ

एसटीनं. पोत्यात ओल्या भुशात घालून कंडक्टरजवळ देते, कुहीच्या स्टँडवर कोणाला तरी उभं ठेवा. पण आत्ता नको, आधी गिट्टी पडू द्या आणि वाफ्यात पाणी फिरू द्या. कंद कोरड्यात पडून राहिले तर सुकतील. गिट्टी पडली की इथंच लिहा.